छेदात बसलेलं मूळ

आठवीत घातांकांच्या धड्यात करणीचिन्ह नाहीसं होताना पहिल्यांदा पाहिलं. २ चं घनमूळ फळ्यावर ‘२ चा १/३ वा घात’ झालं. मुळाची कोटी छेदात गेली. आतल्या संख्येला घात असता, तर तो अंशात बसला असता. किंमत तसूभरही बदलली नव्हती. मग हा खटाटोप कशासाठी, असं वर्गात कुणी विचारलं नाही. गुण मिळत होते.

उत्तर गुणाकारात होतं. २ चं घनमूळ गुणिले २ चं चौथं मूळ. करणीचिन्हं तशीच ठेवली तर पुढे काय करावं ते सुचत नाही. घातांकी रूप दिलं की पाया एकच, आणि उरते ती १/३ अधिक १/४ ही प्राथमिक शाळेतली बेरीज: ७/१२.

पुढे पेटी शिकताना हे बारा पुन्हा भेटले. तार सा ची कंपनसंख्या मध्य सा च्या दुप्पट. समान अंतरांनी जुळवलेल्या पेटीत तिथवर बारा पायऱ्या, म्हणून प्रत्येक पट्टीला कंपनसंख्या २ च्या बाराव्या मुळाने, म्हणजे सुमारे १.०५९५ ने, गुणली जाते. सा पासून शुद्ध गंधार चार पट्ट्या: ४/१२, म्हणजे घनमूळ. गंधारापासून पंचम तीन पट्ट्या: ३/१२, म्हणजे चौथं मूळ. सा-ग-प वाजवताना बोटं तेच उदाहरण सोडवत होती! उत्तर १.४९८; तंबोऱ्याचा पंचम मात्र नेमका १.५. पेटी आणि तंबोरा यांचं किंचित का बिनसतं, ते तेव्हा कळलं.

मग आकाशाचा नाद लागला. केप्लरने १६१९ मध्ये छापलेला नियम असा: सूर्यापासूनचं अंतर पृथ्वीच्या पटीत घेतलं, तर त्याचा ३/२ वा घात म्हणजे ग्रहाच्या प्रदक्षिणेची वर्षं. हा घात दोन कामं सांगतो, घन करा आणि वर्गमूळ काढा. आधी कुठलंही चालतं. दुकानातल्या साध्या कॅल्क्युलेटरवरही जमतं. गुरूचं अंतर ५.२. घन १४०.६. वर्गमूळ ११.८६.

नाशिकचा सिंहस्थ गुरूच्या याच फेऱ्यावर चालतो, आणि आपण सहज बारा वर्षं म्हणतो. पण दर फेऱ्याला दीड-पावणेदोन महिने वाचतात. सात-आठ फेऱ्यांत वर्षभर साठतं. म्हणून हरिद्वारचा कुंभ २०१० नंतर २०२१ लाच भरला, अकरा वर्षांनी.