मालगाडीच्या मागोमाग

मालगाडी या शब्दाला आपल्या भाषेत फारशी प्रतिष्ठा लाभलेली नाही. रेंगाळणाऱ्या माणसाला आपण मालगाडीची उपमा देतो. फाटक बंद असले की तिचे डबे मोजून वेळ घालवतो आणि फाटक उघडताच तिला विसरतो. एक्स्प्रेसला नाव असते, वेळापत्रक असते, निरोप द्यायला माणसे असतात. मालगाडीच्या वाट्याला यांतले काहीच येत नाही. तरीही तिच्या मागे हिंडणारे रसिक जगात आहेत. अमेरिकेतील लहानसहान खासगी लोहमार्गांवर धान्य किंवा लाकूड वाहणाऱ्या गाड्यांच्या मागोमाग मोटारी घेऊन जाणारी मंडळी आहेत. भारतीय रेल्वेच्या चाहत्यांचे एक मंडळही १९८९ साली अमेरिकेत शिकणाऱ्या काही भारतीय तरुणांनी स्थापले.

आपल्या जिल्ह्यात या छंदाला वाडीसारखे दुसरे ठिकाण नाही. मुंबईहून निघालेला जी. आय. पी. रेल्वेचा मार्ग १८७१ साली रायचूरला पोहोचला. सालारजंगांच्या दिवाणगिरीत, १८७४ मध्ये, वाडीपासून सिकंदराबादपर्यंत निजामाचा लोहमार्ग सुरू झाला. राजधानी मुंबईच्या वाटेला जोडावी, हा त्यामागील हेतू. पण या जमिनीच्या पोटात चुनखडीचे थर होते. त्यामुळे पुढे शहाबाद, वाडी, मळखेड, सेडम येथे सिमेंटचे कारखाने उभे राहिले आणि मुख्य मार्गाला त्यांच्या सायडिंगांचे फाटे फुटले.

या मार्गाची ओळख मला करून दिली ती माझ्या एका दिवंगत स्नेह्यांनी. ते मालगाडीचे गार्ड म्हणून निवृत्त झाले होते. (२०२२ पासून गार्डाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, ते मात्र अखेरपर्यंत स्वतःला गार्डच म्हणवीत.) रविवारी आम्ही स्कूटरवरून वाडीहून चित्तापूर, मळखेड, सेडम असे जात असू. मालगाडीचा वेग कमी नसतो. पण एक्स्प्रेसला वाट देण्यासाठी तिला लूपमध्ये उभे राहावे लागते. तेवढ्यात स्कूटर तिला गाठते. "अहो साहेब, मालगाडीच्या मागे लागायचं तर पळावं लागत नाही, थांबता यावं लागतं," असे ते म्हणत.

त्यांनी मला गाडी वाचायला शिकवली. उघड्या डब्यांतून येतो तो भट्ट्यांसाठी कोळसा. बंद डब्यांतून जाते ते पोत्यांतले सिमेंट. रिकामी गाडी खडखडते, भरलेली घुमते. भरलेल्या डब्याच्या स्प्रिंगा दबलेल्या दिसतात. सर्वांत शेवटी गार्डाचा डबा. त्यात वर्षानुवर्षे ना दिवा, ना पंखा, ना शौचालय. थंडीच्या रात्री आडरानातल्या सिग्नलपाशी तीन-तीन तास काढल्याचे ते सांगत, पण तक्रारीच्या सुरात नव्हे. प्रत्येक गाडीचा इंजिन क्रमांक, डब्यांची संख्या, माल, वेळ आणि शक्य तेव्हा स्टेशनवर विचारून घेतलेले गंतव्यस्थान ते वहीत नोंदवीत.

सरहद्दीवरच्या आपल्यासारख्यांना या मार्गात आणखीही काही दिसते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपण म्हैसूर राज्यात गेलो. कचेऱ्यांची भाषा बदलली, मुलांच्या शाळा बदलल्या. रेल्वेने मात्र आपल्या रेषा वेगळ्याच आखल्या. सोलापूर विभाग १९६६ मध्ये दक्षिण-मध्य रेल्वेत गेला आणि १९७७ मध्ये मध्य रेल्वेत परतला. त्यामुळे गुलबर्ग्याचे स्टेशन आजही सोलापूरच्या, म्हणजे पर्यायाने मुंबईच्या कारभारात आहे. वाडीपाशी हद्द बदलते, कर्मचारी बदलतात, गाडी तीच राहते. आपल्या घरांतही असेच झाले आहे. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर कन्नड, जुन्या दस्तऐवजांत उर्दू. आणि संसार तोच.

महसूल खात्याच्या नोकरीत या जमिनी मी पहाणीपत्रकांतून पाहिल्या होत्या. सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकार, भूसंपादन, फेरफार अशी ती ओळख. एका टन सिमेंटला सुमारे दीड टन चुनखडी लागते, हे त्या कागदांवर कुठे नव्हते. मळखेडजवळ, जिथे एके काळी राष्ट्रकूटांची राजधानी होती आणि कागिणा नदी वाहते, एका वृद्ध शेतकऱ्याने मला कन्नडमध्ये विचारले होते, "साहेब, माझं शेत खाणीत गेलं. पैसे मिळाले, संपले. पण त्या शेतातला दगड आता कुठे असेल?" कोणत्याही नियमपुस्तिकेत याचे उत्तर नव्हते.

स्नेही गेल्यावर त्यांच्या मुलाने परदेशातून कळवले, "काका, वह्या तुम्हीच ठेवा." त्या चाळताना एका रविवारची नोंद सापडली : मळखेड, भरलेली गाडी, सिमेंट, पुण्याकडे. मी ती वही घेऊन त्या शेतकऱ्याकडे गेलो. ते सिमेंट त्याच्याच शेतातले होते असे कुणी सांगू शकणार नाही, हेही त्याला सांगितले. त्याने त्या ओळीवर बोट ठेवले. अक्षर मराठी होते, त्याला वाचता येत नव्हते. "पुणे," मी म्हणालो. "म्हणजे कुणाचं तरी घर झालं," तो म्हणाला.

पुण्या-मुंबईच्या जुन्या स्वयंपाकघरांत शहाबादी फरशी आहे. नव्या इमारतींत आपल्या जिल्ह्याची चुनखडी आहे, आणि त्याच इमारतींत आपली मुले राहतात. मुले निघाली तेव्हा आपण फलाटावर गेलो, डोळे पुसले, हात हलवले. जमीन मात्र रोज निघते आहे, बंद डब्यांतून, निरोपावाचून. निदान एखाद्याने फाटकापाशी थांबून ती कोणत्या दिशेला गेली एवढे तरी लिहून ठेवावे, असे मला वाटते. रविवारी सकाळी मी चित्तापूरला असतो. कुणाला यावेसे वाटले तर स्कूटरवर मागची जागा रिकामी आहे.