स्पंजमधला मळ

सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पांवर मी केमिस्ट म्हणून काम करते. या कामातली जी एक गोष्ट मला नीट जमते, ती मी कॉलेजात शिकले असं सगळे धरून चालतात, आणि मीही बरीच वर्षं ते खोडून काढलं नाही. खरं तर ती मला डोंबिवलीत आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या काकांनी शिकवली, तीही घरातल्या फिश टँकच्या निमित्ताने. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडायचं नाही.

मी शाळेत असताना बाबांनी काचेची टाकी आणि गोल्डफिश आणून दिले. आमच्या घरात स्वच्छ म्हणजे घासूनपुसून लख्ख. त्यामुळे दर रविवारी मासे बादलीत, खडे परातीत, फिल्टरचा स्पंज नळाखाली, आणि टाकी घासून काठोकाठ ताज्या पाण्याने भरलेली. एक-दोन दिवसांत पाणी दुधाळ व्हायचं, मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करायचे आणि मग एखादा उलटा होऊन तरंगायचा. माझ्याकडे उपाय एकच होता, आणखी घासायचं. कुणी तरी तुरटी फिरवायला सांगितली, तीही फिरवून झाली.

काका एकदा पासपोर्ट फोटोंचं पाकीट द्यायला वर आले होते. टाकीपाशी थांबले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "फार मेहनत घेतेस गं तू. थोडी कमी कर." मला राग आला होता. संध्याकाळी त्यांच्या स्टुडिओत गेले ती थोडी भांडायच्याच तयारीने.

मागच्या खोलीत त्यांची स्वतःची टाकी होती. मागच्या काचेवर हिरवं शेवाळ, स्पंज तपकिरी. आमच्या आईने ती टाकी घरात ठेवू दिली नसती. पण पाणी आरपार दिसत होतं आणि मासे चांगले तळहाताएवढे, मजेत फिरणारे.

त्यांनी आधी डार्करूममधली बरणी काढली. आत खडीसाखरेसारखे पांढरे खडे होते. हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. फिल्म धुताना त्यावरचे प्रकाश न लागलेले चांदीचे क्षार काढून टाकायला फोटोग्राफर तो वापरायचे. तोच हायपो पाण्यातला क्लोरीनही मारतो. माशांच्या दुकानात अँटिक्लोरीन म्हणून जे मिळतं ते बहुधा हेच. उल्हास नदीचं पाणी क्लोरीन घालून आमच्या नळाला येतं. आपल्याला तो क्लोरीन हवाच, पण माशाचे कल्ले त्याने भाजतात. काकांनी पुडीत थोडे खडे बांधून दिले. "बादलीत आधी हे, मग पाणी टाकीत," एवढंच सांगितलं.

त्यानंतर त्यांनी जे केलं त्याने मला रडूच यायचं बाकी होतं. आपल्या टाकीतला तो तपकिरी स्पंज एका डब्यात पिळला आणि ते गढूळ पाणी माझ्या हातात दिलं. "हे तुझ्या टाकीत ओत."

"हे घाण पाणी?"

"मासा पाण्यातच जेवतो आणि पाण्यातच घाण करतो. ते निस्तरणारे कुणी तरी लागतात की नाही? ते या मळात राहतात. तू दर रविवारी त्यांना गटारात सोडतेस."

नाइलाजाने ओतलं. पुढचे नियमही त्यांचेच. आठवड्याला चौथाई पाणीच बदलायचं. ते नळीने तळातून, खड्यांमधली घाण ओढत काढायचं. स्पंज पिळायचा तो त्या काढलेल्या पाण्यातच, नळाखाली कधीही नाही. दोन मिनिटांत मासे संपवतील तेवढंच खाणं. काढलेलं पाणी तुळशीला. पाणी दुधाळ होणं थांबलं. मासे मरणंही थांबलं, आणि माझ्या रविवारच्या सकाळी मोकळ्या झाल्या.

कॉलेजात याचं रसायनशास्त्र समजलं. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. पाण्यातले काही जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे काही नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते बरंच निरुपद्रवी असतं आणि तुळशीला खत म्हणून चालतं. आमच्या पुस्तकात दुसऱ्या टप्प्यातल्या जीवाणूचं नाव नायट्रोबॅक्टर होतं. 1990 च्या दशकात असं दिसून आलं की गोड्या पाण्याच्या टाक्यांत हे काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करतात. मी मोठ्या उत्साहाने काकांना सांगायला गेले. ते म्हणाले, "नाव बदललं म्हणून मासे मेले का?"

नोकरीच्या सुरुवातीला एका मोठ्या गृहसंकुलाचा प्रकल्प बिघडला. पाण्याला वास, अमोनिया चढलेला. एअरेशन टाकीतलं पाणी मोजपात्रात घेऊन अर्धा तास ठेवलं, की एरवी चॉकलेटी गाळ खाली बसतो आणि वर नितळ पाणी उरतं. इथे सगळं करडं, काही बसतच नव्हतं. संडास धुणाऱ्यांनी ब्लीचिंग पावडर पोत्याने ओतल्याने गाळातले जीवाणू मेल्याचं नंतर कळलं. बैठकीत ठरत होतं की टाकी रिकामी करून स्वच्छ धुवायची. बोलायची माझी पायरी नव्हती, पण तोंडातून निघून गेलं, "धुऊ नका. चालू प्रकल्पातला गाळ टँकरने आणून ओतूया." अनुभवी लोक हेच करतात, हे मला तेव्हा माहीतही नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर फक्त तो पिळलेला स्पंज होता. प्रकल्प सुधारला आणि शाबासकी मला मिळाली. ती माझी नव्हती, हे तिथे सांगायला हवं होतं.

मागाहून वाचनात आलं की सांडपाणी शुद्ध करायच्या या पद्धतीचा पायाच जुना गाळ राखून ठेवणं हा आहे. 1914 साली मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा सोडून बघितली, तेव्हा अमोनिया पूर्ण संपायला सुमारे पाच आठवडे लागले. खाली बसलेला गाळ फेकून न देता तोच ठेवून त्यावर नवं पाणी घेत गेले, तसा हा वेळ उतरत एका दिवसाच्या आत आला. घरच्या नव्या टाकीलाही स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. काकांच्या डब्याने माझे तेवढे आठवडे वाचवले होते.

डिजिटल आल्यावर त्यांची डार्करूम बंद झाली, टाकी राहिली. मध्यंतरी मी पाणी तपासायचा किट घेऊन त्यांच्याकडे गेले. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट बेताचं. काकांनी चष्मा लावून नळकांड्यांतले रंग तक्त्याशी जुळवून पाहिले आणि किटची किंमत विचारली. मी सांगितली.

"एवढ्यात चार स्पंज आले असते," ते म्हणाले आणि चहा टाकायला उठले.