जूनची चिठ्ठी

इचलकरंजीत आमच्या गल्लीत बारा बायकांची भिशी होती. दर महिन्याला प्रत्येकीचे हजार रुपये. वर्षाच्या सुरुवातीलाच चिठ्ठ्या काढून कुणाला कोणता महिना ते ठरायचं. सगळ्यांचा डोळा दिवाळीवर. आईला मात्र जून हवा असायचा. दिवाळीची चिठ्ठी तिच्या नावानं निघाली, तर ती खुशाल दुसरीला देऊन बदल्यात जून मागून घ्यायची. जूनमध्ये आम्हा दोघी बहिणींची फी, वह्या, दप्तरं, छत्र्या. बारा हजार यायचे आणि चार दिवसांत जायचे. पण ते कुठे जाणार हे तिला आदल्या वर्षीपासून माहीत असायचं.

भिशीत धोका असतोच. शेजारच्या गल्लीतली एक बुडाली, तेव्हा बायका महिनाभर एकमेकींशी बोलत नव्हत्या. त्यामुळे मी भिशी लावत नाही. पण जून मागून घ्यायची सवय मी उचलली.

बाबा यंत्रमागावर आहेत. बारा तासांची पाळी, आठवड्याला पगार. त्या खडखडाटानं कान कमी झालेत, त्यामुळे फोनवर आम्ही दोघंही ओरडूनच बोलतो. पेन्शन नाही. २०२० च्या टाळेबंदीत माग थांबले आणि पगारही थांबला. मी तेव्हा नुकतीच पुण्यात नोकरीला लागले होते.

माझ्या पैशांची तीन नावं आहेत. पहिलं 'अडीनडी': घराचा तीन महिन्यांचा खर्च, बँकेत. दुसरं 'धाकटीची फी': ती नर्सिंग करते, तिच्यासाठी महिन्याला सहा हजारांची आरडी. तिसरं 'बाबा २०३२': इंडेक्स फंडात चार हजारांची एसआयपी, २०२१ पासून. २०३२ मध्ये बाबा बासष्टचे होतील. तेव्हा त्यांनी माग सोडावा, असा माझा हिशोब.

४ जून २०२४ ला लोकसभेचा निकाल होता. त्या दिवशी सेन्सेक्स ४,३८९ अंकांनी कोसळला. ऑफिसात सगळ्यांच्या माना मोबाईलमध्ये. माझ्या 'बाबा २०३२' मधून एका दिवसात साधारण बारा हजार कमी झाले. बाबा तीन-साडेतीन आठवडे मागावर उभे राहून जेवढे मिळवतात, तेवढे. पोटात गोळा आलाच. रात्री त्यांचा फोन आला.

"काय गं, बाजार पडला म्हणं? आपलं काय गेलं का?"

"धाकटीची फी बँकेत आहे!" मी ओरडले.

"मग झालं," म्हणाले, आणि पावसाबद्दल बोलायला लागले.

इन्स्टावर 'मार्केट पडलं तरी शांत राहा' असं सांगणारी मंडळी मला खटकतात ती इथेच. शांतपणा हा काय स्वभावाचा गुण आहे? पुढच्या महिन्यात भरायची फी बाजारात असेल, तर कितीही थंड डोक्याचा माणूस दर दहा मिनिटांनी ॲप उघडणारच. मी त्या रात्री झोपले, कारण जुलैत लागणारा पैसा बाजारात नव्हताच. जो होता, त्याला आठ वर्षं होती.

तीन दिवसांत, ७ जूनला, सेन्सेक्स पुन्हा नव्या उच्चांकावर बंद झाला. पण त्यावर मी विसंबत नाही. २००८ च्या जानेवारीत एकवीस हजारांच्या घरात असलेला सेन्सेक्स मार्च २००९ मध्ये आठ हजारांच्या आसपास होता, आणि जुनी पातळी दिसायला २०१० ची दिवाळी उजाडली. ज्याच्या मुलीची फी मधेच भरायची होती, त्यानं काय केलं असेल? म्हणून माझा साधा नियम: तीन वर्षांच्या आत लागणारा पैसा बाजारात ठेवायचा नाही.

माझी रूममेट ऑप्शन्स करायची. सेबीच्या अहवालात आलं होतं की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या शंभरातल्या त्र्याण्णव सामान्य लोकांनी पैसे घालवले. मी तिला ते दाखवलं. ती म्हणाली, "उरलेल्या सातांत यायचंय मला." मी विचारलं, "आलीस तर त्या पैशांचं काय करायचं?" तिच्याकडे उत्तर नव्हतं. नुकसानाच्या आकड्यापेक्षा मला तेच जास्त लागलं.

त्या दिवाळीत घरी गेले, तेव्हा बाबांनी माझा मोबाईल हातात घेऊन नाव वाचलं.

"दोन हजार बत्तीस? हे काय?"

"तेव्हा तुम्ही माग सोडायचा."

ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग डावा गुडघा चोळत हळूच म्हणाले, "दोन वर्सं अलीकडं येतंय का बघ की."

माझी सगळी गणितं त्या आठ वर्षांवर बेतलेली होती. दोन वर्षं कमी म्हणजे रक्कम वाढवायची. शिवाय बाजारातून पैसे हळूहळू बाहेर काढायला २०२९ ऐवजी २०२७ मध्येच सुरुवात करायची, म्हणजे वाढायला वेळही कमी. रात्री वहीत आकडे मांडले. सकाळी नाव बदललं, 'बाबा २०३०', आणि चार हजारांचे साडेसहा केले. धाकटीच्या शेवटच्या वर्षाची फी भरली की आरडीचे सहा हजार मोकळे होतील. तोवर अडीच हजारांसाठी आम्ही फ्लॅटमध्ये चौथी मुलगी शोधतोय.