उसात झॉम्बी ठेवायचा तर

पुतण्या आणि त्याचे दोन मित्र ज्या खेळापायी रात्री जागवतात, त्याचं नाव ‘प्रोजेक्ट झॉम्बॉइड’. ‘द इंडी स्टोन’ नावाच्या एका छोट्या ब्रिटिश चमूने २०११ मध्ये तो लोकांपुढे ठेवला, आणि तो पुरा झाला असं ते स्वतः अजून म्हणत नाहीत. गोष्ट १९९३ च्या जुलैतली, अमेरिकेतल्या केंटकी राज्यातली. कसलीशी साथ येते, मेलेली माणसं उठून चालू लागतात, आणि एक आपण तेवढे मागे उरतो. या खेळात जिंकता येत नाही. तू कसा मेलास त्याची ही हकिकत, असं तो सुरुवातीलाच बजावतो. मग प्रश्न एवढाच उरतो की किती दिवस काढले.

अर्धवट असतानाच, २०१३ पासून, तो ‘स्टीम’ या ऑनलाइन दुकानात विकायला आहे. अर्धं घर विकत घेतलेल्या माणसाला ‘इथे खिडकी हवी होती’ म्हणायचा हक्क आपोआप मिळतो. गाड्या हव्यात म्हणून लोक मागे लागले, त्या २०१८ मध्ये आल्या. गाई, डुकरं, कोंबड्या २०२४ च्या डिसेंबरात, चाचणीच्या आवृत्तीत आल्या. आधी कोबी कुठल्याही महिन्यात लावला तरी फोफावायचा. नव्या आवृत्तीत पिकांना हंगाम आला. आमच्या तिघांतला एक कृषी पदविका करतो. त्याला या सुधारणेचा एवढा आनंद झाला की जणू विद्यापीठानेच ती शिफारस केली होती.

तर या तिघांनी आपल्याही सूचना लिहून काढल्या आणि इंग्रजी करून द्या म्हणून माझ्यापुढे ठेवल्या. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवत असे, तेव्हा हे ओघानेच आलं.

पहिलं पान जगातल्या कुठल्याही मुलाने लिहावं तसं होतं. बंदुका वाढवा. पाठीवरच्या पिशवीत जास्त सामान मावू द्या. जखम लवकर भरू द्या. खेळाडूच्या बहुतेक सूचना हे खरं तर अर्ज असतात: माझं ओझं कमी करा. आणि ओझं कमी केलं की या खेळात उरतं काय? पाणी न्यावं की हातोडा, हा पेचच तर त्याचा जीव. दुखतं कुठे ते खेळाडू अचूक सांगतो. औषध मात्र त्याला विचारू नये. ते पान मी बाजूला ठेवलं आणि दुसरं उलटलं. तिथे आमची राहुरी सुरू होत होती.

त्यांना नकाशात ऊस हवा होता. खेळात मक्याची शेतं आहेत, पण मका तो काय, दोन पावलं टाकली की पलीकडचं दिसतं. आडसाली ऊस दहा-अकरा महिन्यांचा झाला की आत भर दुपारी हिरवट अंधार असतो. वारा नाही. पानांच्या कडा हाताला कापतात, कूस मानेत शिरते, आणि पायाखाली पाचट असं वाजतं की आपल्याच चालण्याची भीती वाटावी. तिथे आवाज येतो, पण कुठून येतो ते कळत नाही. नजरेपेक्षा कानावर चालणारं शेत करा, असं पोरांनी लिहिलं होतं. ही खरी सूचना. भीती कुठे राहते हे ज्याला अंगाने माहीत आहे तोच असं लिहितो.

कारण आमच्या उसात झॉम्बी नसला तरी बिबट्या असतो. याच जिल्ह्यातल्या अकोले भागात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांनी कॅमेरे लावून दाखवून दिलं की बिबटे जंगलातून वाट चुकून येत नाहीत. ते शेतात, माणसांच्या शेजारीच राहतात. मादी उसात वितेसुद्धा, आणि तोडणीच्या वेळी पिल्लं सापडली की वनखात्याची माणसं ती आईला परत मिळावीत म्हणून तिथेच ठेवतात. रात्रीच्या पाळीला पाणी भरायला जाणारा माणूस मोबाईलवर मोठ्याने गाणी लावतो, खोकतो, काठी आपटतो. बिबट्याला आपण आल्याचं कळावं, म्हणजे तो बाजूला होतो. झॉम्बीचा नियम उलटा: आवाज केला की तो येतो. मग एकाच उसात दोघेही असतील तर? गाणं लावायचं की नाही? पोरांनी पुढे नुसतं प्रश्नचिन्ह टाकलं होतं. गेली दहा वर्षं बंदुकांची मागणी करणाऱ्यांपैकी कुणाला असा पेच सुचला असेल असं मला वाटत नाही.

विजेबद्दल तर त्यांचा रागच होता. खेळात पहिल्या महिनाभरात केव्हातरी लाईट जाते आणि कायमची जाते. तिथून संस्कृती संपली असं धरायचं. पोरांना हे हास्यास्पद वाटतं. लाईट जाण्याने इथे कुणाची संस्कृती संपत नाही. ती येते केव्हा, हा घोर असतो. शेतीची वीज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, तीही ठरावीक तासच. म्हणून लोक मोटारीला ‘ऑटो’ बसवतात, लाईट आली की मोटार आपली आपण चालू. (सगळ्यांच्या मोटारी एका झटक्यात सुरू झाल्या की डीपी जळते, म्हणून वीज कंपनी ‘ऑटो काढा’ असं सांगून थकली.) पोरांची सूचना अशी: माणसं मेली, पण कुठेतरी वीज अजून अधूनमधून येते. तुम्ही विहिरीजवळच्या खोलीत दडून झोपला आहात. रात्री दोनला लाईट येते, ऑटो टकटक करतं, दहाची मोटार घरघरायला लागते, आणि शिवारातले सगळे झॉम्बी तिकडे वळतात. मी हे इंग्रजीत लिहिताना खरोखर दाराकडे पाहिलं.

याच रांगेतली एक सूचना तिसऱ्याने फक्त एका ओळीत लिहिली होती: ‘मुळा धरण भरल्यावर दरवाजे कोण उघडणार?’ धरण २६ टीएमसीचं, दरवाजे ११, आणि खाली नदीकाठी आमचं गाव. या जातीच्या खेळांत माणूस नाहीसा झाला की त्याने बांधलेलं सगळं मुकाट उभं राहतं, गवत तेवढं वाढतं. इथे तसं चालणार नाही. जूनपासून आवक धरायची, ऑगस्ट-सप्टेंबरात धरण काठोकाठ, आणि कळ दाबायला कोणी नाही. प्रेतांना घाबरणाऱ्या खेळाडूला पाण्याचं वेळापत्रक पाठ असावं लागेल.

बाकीचं चटकन सांगून टाकतो. ऊस पेटवून झॉम्बी मारण्याची सोय असावी; त्यावर कृषीवाल्याची टीप, की जळीत उसाला कारखाना भाव कापतो. शनिशिंगणापूर नकाशात घ्यावं, कारण खेळातलं पहिलं काम दारं-खिडक्यांना फळ्या ठोकणं आणि त्या गावात परंपरेने घरांना दारंच नाहीत. त्याला ‘अतिकठीण’ पातळी म्हणावं. आणि जिवंत माणसं हवीत. ही शेवटची मागणी त्यांची एकट्यांची नाही. अगदी सुरुवातीच्या आवृत्तीत पाय मोडलेली बायको आणि तिची देखभाल करणारा नवरा होता. पुढे इतर जिवंत पात्रं काढून टाकली गेली, आणि ती परत येण्याची वाट जगभरचे खेळाडू बघत आहेत. संकटात माणूस एकटा उरतो ही कल्पनाच मला परकी वाटते. खेळातल्या त्या जुलैनंतर अडीच-तीन महिन्यांनी, ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे, किल्लारी-सास्तूरकडची गावं भूकंपाने झोपेत ढिगाऱ्याखाली गेली. नंतरच्या दिवसांत राज्यभरातून धान्य, कपडे, भाकरी घेऊन गाड्या निघाल्या होत्या. तिथे वाचलेल्यांपुढचा एक अवघड प्रश्न इतक्या माणसांत कसं राहायचं हाही होता. असा प्रश्न या खेळात नाही.

शस्त्रांच्या यादीत मात्र मी अडखळलो. ‘कोयता: पल्ला कमी, धार टिकते, एका हातात.’ मी विचारलं, हा सापडणार कुठे? ‘उसातच की, नाना.’ कुणाच्या हातात? तिघं एकमेकांकडे बघायला लागले. या खेळातला झॉम्बी जिवंतपणी काय होता ते त्याच्या कपड्यांवरून कळतं: पोलीस, नर्स, स्वयंपाकी. मग आमच्या उसात कोण निघेल? पाथर्डी-बीडकडून दिवाळीच्या सुमारास आलेलं जोडपं, ज्याला हिशेबात दोन माणसं न म्हणता एक कोयता म्हणतात. मुकादमाची उचल फेडायला पहाटे तीनला कोपीतून उठून, टायरगाडी भरेपर्यंत वाकलेलं.

हे मी उगाच ओढूनताणून आणलेलं नाही. झॉम्बी मुळातच उसातला आहे. कॅरिबियनमधल्या हैतीत फ्रेंचांनी आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांकडून साखर पिकवली. मेल्यावर तरी आत्मा आपल्या देशी परत जाईल, एवढीच त्यांना आशा. झॉम्बी म्हणजे ज्याला तेवढीही सुटका नाही तो: मेल्यावरही उठवून कामाला लावलेला. तो कुणाला चावत नाही. त्याला बघून भ्यायचं ते आपलं असं होईल म्हणून. १८०४ मध्ये हैती स्वतंत्र झालं, तरी हे भय गेलं नाही. अमेरिकी फौजा तिथे असताना विल्यम सीब्रुक नावाच्या प्रवाशाने तिथे ऐकलेली एक हकिकत १९२९ च्या आपल्या पुस्तकात छापली. एका साखर कंपनीच्या शेतावर एक जण मेलेल्या माणसांची टोळी घेऊन येतो. ती दिवसभर राबतात, मजुरी हा घेतो. आपल्याकडे त्याला मुकादम म्हणतील. रांधणारी त्याची बायको. तिला सक्त ताकीद, यांच्या जेवणात मीठ घालायचं नाही. सणाच्या दिवशी तिला त्यांची दया येते आणि ती त्यांना बाजारातली मिठाई देते. तिच्यातल्या दाण्यांना मीठ लावलेलं असतं. चव लागताक्षणी त्यांना कळतं की आपण मेलेलो आहोत. ती उठतात आणि डोंगरातल्या आपल्या गावाकडे, आपल्या थडग्यांकडे चालू लागतात. आपल्याकडे खाल्लेलं मीठ धन्याशी बांधतं. तिथे ते धन्यापासून सोडवतं.

१९३२ च्या ‘व्हाइट झॉम्बी’ चित्रपटातसुद्धा साखरेचा घाणा आहे; एक जण त्यात पडतो आणि बाकीचे न थांबता घाणा फिरवत राहतात. पुढे १९६८ मध्ये, म्हणजे आमचं कृषी विद्यापीठ स्थापन झालं त्याच साली, जॉर्ज रोमेरोचा चित्रपट आला, आणि मढी माणसं खायला लागली. त्यात झॉम्बी हा शब्दही नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. राबणारा गेला, खाणारा आला. राबणाऱ्याची दया येते, खाणाऱ्याला गोळी घालता येते; खेळाला दुसरा सोयीचा. पुढच्या बहुतेक खेळांनी त्याचाच वारसा घेतला, २०१९ मध्ये पोरांच्या मोबाईलवर ‘पबजी’त आलेल्या झॉम्बींसकट.

तेव्हा माझी एक सूचना मी यादीत घातली: झॉम्बीला मीठ देता यावं. दिलं की त्याने चावणं सोडून घराची वाट धरावी.

पोरांनी ती लगेच तपासायला घेतली. पहिला म्हणाला, ‘सर, मग तर खेळच संपला. प्रत्येक घरात किलोभर मीठ असतं.’ दुसरा म्हणाला, ‘फेकून चालणार नाही असं करू. हाताने भरवायचं. म्हणजे चावायच्या अंतरात जावं लागेल.’ हे सगळ्यांना पटलं. मग कोणाला भरवायचं आणि कोणाला सोडायचं, यावर बराच वेळ गेला. पोलिसाला भरवायचं नाही यावर दोघांचं एकमत झालं; का, ते मी विचारलं नाही. पुतण्या एवढा वेळ कागदावर काहीतरी मोजत होता.

‘नाना, घराची वाट धरतील म्हणता, पण यांची घरं आपल्या नकाशात कुठेत? नकाशा पाथर्डी, शिरूर कासार, आष्टीपर्यंत न्यावा लागेल. एवढा नकाशा कुणाच्या संगणकावर चालायचा?’

मग त्यानेच खाली आणखी एक सूचना लिहिली, नकाशा मोठा करण्याची, आणि इंग्रजी करायला कागद परत माझ्याकडे सरकवला.