खट् आणि खटखट

शालेय व्याकरणात अभ्यस्त शब्दांचे तीन प्रकार शिकवले जातात : पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त आणि अनुकरणवाचक. त्यांतल्या तिसऱ्याला ‘गडगड’, ‘किरकिर’ अशी उदाहरणे देऊन आपण पुढे सरकतो. नादाची नक्कल करणारे काहीसे बाळबोध शब्द, एवढीच त्यांची प्रतिष्ठा. या शब्दांत किती काटेकोर ज्ञान साठलेले असते, हे मला दौंडच्या एका मिस्त्रींमुळे उमगले.

शिरूर ते दौंड हा काही वर्षे माझा नोकरीचा रस्ता होता. घोडनदीकाठचे शिरूर सोडून भीमाकाठच्या दौंडला पोहोचेपर्यंत, विशेषतः उसाच्या हंगामात, दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांमागे सतत गिअर बदलावे लागत. त्या काळात माझ्या जुन्या जीपच्या पोटाखालून आवाज येऊ लागला. एका गॅरेजने गाडी न चालवताच गिअरबॉक्स उतरवण्याचा सल्ला दिला. खर्च जवळपास महिन्याच्या पगाराइतका होता.

दौंडच्या मिस्त्रींनी मात्र पान्याला हात लावण्याआधी विचारले, “सर, आवाज कुठनं येतो ते राहू द्या, कवा येतो ते सांगा. अन् खट् होतंय का खटखट?”

नाद पोलादी सांगाड्यातून धावतो, त्यामुळे जागेबाबत कान फसतो. वेळेबाबत सहसा फसत नाही. गिअर टाकून क्लच सोडताच एकदाच ‘खट्’ झाले, तर कुठेतरी साचलेली ढिलाई, गॅरेजच्या भाषेत ‘प्ले’, एका झटक्यात भरून निघालेली असते : प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसमध्ये, शाफ्टच्या सरकत्या दात्यांत किंवा डिफरन्शिअलच्या क्राऊन-पिनियनमध्ये. गाडीच्या वेगाबरोबर वाढणारी ‘खटखट’ म्हणजे फिरत्या भागातला, दर फेऱ्याला बोलणारा दोष. गिअर पडतानाची ‘करकर’ सांगते की क्लच पूर्ण सुटत नाही किंवा सिंक्रोनायझरची कडी झिजली आहे. उभ्या गाडीत, न्यूट्रलमध्ये येणारी आणि क्लच दाबताच थांबणारी ‘घरघर’ गिअरबॉक्सच्या बेअरिंगकडे बोट दाखवते. दाबल्यावरच सुरू होणारी, क्लचच्या रिलीज बेअरिंगकडे.

माझे उत्तर ‘खट्’ होते. मिस्त्रींनी चाकांना दगड लावले, इंजिन बंद ठेवून ते गाडीखाली शिरले आणि शाफ्ट दोन्ही हातांनी पिळून पाहिला. पुढच्या क्रॉसमधल्या सुयांसारख्या बारीक बेअरिंगांची तांबडी भुकटी झाली होती. या सांध्याला युरोपात कार्दानो (१५०१–१५७६) आणि रॉबर्ट हूक (१६३५–१७०३) यांची नावे चिकटली; आपल्याकडे आकारावरून तो नुसता ‘क्रॉस’. तो तुटून शाफ्टचे पुढचे टोक रस्त्यात रुतले, तर धावती गाडी उचलली जाऊन उलटू शकते. त्या जीपमध्ये रोज माझे तीन सहकारी बसत. क्रॉस बदलला, गिअरबॉक्सला हातही लावावा लागला नाही.

एकदा घडले ते ‘खट्’, घडत राहिले ते ‘खटखट’. इथली द्विरुक्ती शोभेची नाही. ती काळाची नोंद आहे. एखाद्या कवितेत असा शब्द आला, की ‘नादमाधुर्य’ हा शेरा अपुरा पडतो. काय किती वेळा घडले, थांबले की चालूच राहिले, हेही तो शब्द सांगत असतो.

आता गाडीच्या संगणकाला जोडून दोष वाचणारी यंत्रे तालुक्याच्या गावीही पोहोचली आहेत. पण क्रॉसमध्ये सेन्सर नसतो. तिथला दोष ओळखायला चालकाने नेमका शब्द सांगावा लागतो आणि मिस्त्रींना तो कळावा लागतो.