संशयितांची पंगत

सूप-सॅलड संपल्यावर आणि मुख्य ताट येण्याआधी खून करायचा, असा या धंद्यातला साधारण रिवाज. त्याआधी केला तर लोक भुकेने कावलेले असतात, प्रेताकडे कुणी ढुंकून बघत नाही. नंतर केला तर ते सुस्तावलेले असतात. म्हणून बश्या उचलल्या गेल्या की दिवे जातात, अंधारात कुणीतरी किंकाळी फोडतं आणि उजेड येतो तेव्हा एक माणूस टेबलांच्या मधल्या वाटेत आडवा झालेला असतो, तोही वाढप्यांना ट्रे घेऊन बाजूने जाता येईल अशा बेताने. दुसरा खून करायचाच झाला तर गोडाच्या आधी. मग कॉफीबरोबर कागद गोळा होतात: खुनी कोण, का केला, कशावरून म्हणता.

‘मर्डर मिस्टरी डिनर’ या नावाने चालणारा हा प्रकार अमेरिकेत आता इतका रुळला आहे, की लोक तिथे वाढदिवस साजरे करतात. आम्हीही त्यासाठीच गेलो होतो. ताईला पंचाहत्तर पूर्ण झाली आणि तिच्या मुलीने बॉस्टनजवळच्या एका हॉटेलातल्या अशा जेवणाची तिकिटं काढली. सांगलीत असती तर ऐंद्री शांत झाली असती. भटजी, केळीचे खांब, जिलबी. इथे आयुष्य वाढावं म्हणून खून. जावईबापूंनी हे गाडीत बोलून दाखवलं, तेव्हा भाचीने त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यात खुनाचा हेतू स्पष्ट दिसत होता.

ताईची ओळख करून द्यायला हवी. तिची सगळी नोकरी ट्रेझरीत गेली, लोकांच्या बिलांवर आक्षेप काढण्यात. समोरचा माणूस प्रामाणिक आहे हे गृहीत धरायचं नाही, एवढ्यावर तिने संसार केला, कर्ज फेडलं, मुलीला शिकवलं. लहानपणी तिने वाचनालयातून बाबुराव अर्नाळकरांची पुस्तकं आणून भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचली होती. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यातल्या निम्म्या आपण वाचल्या असं ती म्हणते, आणि तिच्या या बिलावर आक्षेप घेण्याची हिंमत घरात कुणाची नाही.

दारातच छातीवर लावायच्या चिठ्ठ्या होत्या. खरं नाव लिहायचं नाही, त्या रात्रीपुरतं एक नाव घ्यायचं. ताईने क्षणभरही विचार न करता अर्नाळकरांच्या नायकाचं नाव लिहिलं, ‘काळापहाड’. मी पेन हातात धरून घुटमळत राहिलो. स्वतःला नवं नाव द्यायची वेळ आली की माणूस किती कोरडा असतो ते कळतं.

या जेवणात नटमंडळी रंगमंचावर नसतात. रंगमंचच नसतो. इन्स्पेक्टर आणि त्याचा हवालदार एवढे दोघे उघड. बाकीचे पाहुण्यांत मिसळून, तिकीट काढून आल्यासारखे, पाव मोडत बसलेले. त्यामुळे दहाजणांच्या टेबलावर बसलं की पहिल्या घोटाबरोबर प्रत्येकाचं एकच काम सुरू होतं: शेजारचा खरा आहे का? फार हसणाऱ्या बाईचा संशय येतो. अजिबात न हसणाऱ्याचा जास्त येतो. आमच्या समोर एक जोडपं हळू आवाजात भांडत होतं, आणि ते इतकं खरं वाटत होतं की सगळं टेबल त्यांच्या विरोधात टिपणं काढत होतं. (ते खरंच भांडत होते.) ताईच्या उजव्या हाताला चष्मा लावलेले एक सौम्य गृहस्थ होते. दंतवैद्य आहे म्हणाले. त्यांनी सांगली कुठे, हळद कशी पिकते, ट्रेझरीत नेमकं काय करतात, हे सगळं मन लावून विचारलं आणि ताईने त्यांना आपली डावीकडची दाढ तोंड उघडून दाखवली.

आपल्याकडे नाटक चालू असताना कुणी वेफर्सची पिशवी उघडली तर पुढच्या तीन रांगा मागे वळून बघतात. बटाटेवडा मध्यंतरात, आणि तोही तिसरी घंटा व्हायच्या आत. इथे काटे-चमचे चालू असतानाच नटाला बोलायचं असतं, आणि ज्याच्याशी बोलायचं त्याच्या तोंडात घास असतो. त्याने काय उत्तर द्यावं हे कुणी लिहून दिलेलं नसतं. मला यात दशावतार आठवला. कथा कुठून कुठे जायची ते ठरलेलं, पण राजा आणि राक्षस एकमेकांना काय बोलतील ते त्या रात्री, त्या देवळापुढेच ठरणार. दशावतारी नटासमोर निदान दुसरा नट असतो. या हॉटेलातल्या इन्स्पेक्टरसमोर विमा कंपनीतून निवृत्त झालेला कुणीतरी असतो, त्याची बायको असते आणि ताई असते.

दिवे गेले, किंकाळी झाली, दिवे आले. इन्स्पेक्टर माइक घेऊन टेबलाटेबलावरून फिरू लागला. ताईपाशी थांबला, चिठ्ठी वाचायचा प्रयत्न करून त्याने सोडून दिला आणि विचारलं, दिवे गेले तेव्हा तुम्ही काय करत होता?

“मीठ शोधत होते,” ताई म्हणाली. “तुमच्या सूपमध्ये नव्हतं.”

दालन हसलं. मयताला ओळखत होता का, असं त्याने विचारल्यावर मात्र ताईचा आवाज बदलला. ओळखत होते, ती म्हणाली. 1984 साली हा माणूस माझ्याकडे प्रवासभत्त्याचं खोटं बिल घेऊन आला होता. मी ते परत पाठवलं. त्याने मला धमकी दिली. तेव्हापासून मी वाट बघत होते.

मी तिचा सख्खा भाऊ. आमच्या घरात खोटं बोलल्याबद्दल मार खायचं काम माझ्याकडे होतं; ताईवर तशी वेळ कधी आली नाही. आणि आता ती पुराव्यासकट, सन-तारखेसकट, परक्या भाषेत न अडखळता एक खून स्वतःच्या अंगावर ओढवून घेत होती. आसपासच्या टेबलांवरचे लोक खुर्च्या वळवून तिच्याकडे बघत होते, कागदावर तिचं नाव उतरवून घेत होते, स्पेलिंग विचारत होते. तिचा चेहरा असा उजळला होता, की निवृत्तीच्या समारंभातल्या नारळ-शालीच्या फोटोतही तो तसा दिसत नाही.

काही आठवड्यांपूर्वी बॉस्टनच्या विमानतळावर याच बाईचे हात थरथरत होते. काचेमागच्या अधिकाऱ्याने तीनच प्रश्न विचारले होते: कुणाकडे आलात, किती दिवस राहणार, बॅगेत खायचं काय आहे. तिन्हींची उत्तरं खरी होती, लोणचंसुद्धा तिने कबूल केलं होतं, आणि तरी बाहेर येईपर्यंत तिचा घसा कोरडा पडला होता. तिथे तो खरं ऐकूनही विश्वास ठेवणार नाही अशी भीती. इथे ती धडधडीत खोटं बोलत होती आणि टाळ्या मिळत होत्या.

मला वाटतं, लोक इथे खुनी शोधायला येत नाहीत. खुनी शोधायचा तर घरी सोफ्यावर पुस्तक आहे. ते येतात आपला कुणीतरी संशय घ्यावा म्हणून. हप्ते वेळेवर भरणारी, लाल दिव्याला थांबणारी, कुत्र्याची विष्ठा पिशवीत उचलणारी ही माणसं. त्यांच्याकडे बघून ‘हा काहीही करू शकेल’ असं शेवटचं कुणाला कधी वाटलं असेल? पैसे देऊन दोन तासांपुरता तो मान विकत मिळतो.

या हौशीचा शोध काही अमेरिकेत लागलेला नाही. इंग्लंडमध्ये दोन महायुद्धांच्या मधल्या काळात बड्या घरांतून आणि हॉटेलांतून ‘मर्डर’ नावाचा खेळ चाले: बोळात लपून एकमेकांना गाठायचं, ज्याला गाठलं त्याने किंचाळून खाली पडायचं. अँथनी प्रॅट नावाचा एक पियानोवादक अशा मंडळींसाठी पियानो वाजवत असे. पुढे युद्ध आलं, तो बर्मिंगहॅममधल्या कारखान्यात कामाला लागला, रात्री हवाई हल्ल्यांच्या भीतीने गावभर अंधार, पार्ट्या बंद, पियानो बंद. त्या अंधारात बसून त्याने तो सगळा गोंधळ एका पटावर उतरवला. घराचा नकाशा त्याच्या बायकोने, एल्व्हाने काढला. 1944 मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. युद्धानंतरच्या मालटंचाईमुळे ‘क्लूडो’ बाजारात यायला 1949 उजाडलं. खरे बॉम्ब पडत असताना, एका बंगल्यात एकच खून आणि तो मेणबत्तीच्या ठाणवईने झालेला, एवढ्या आटोपशीर मरणाची त्याला ओढ लागली असेल तर नवल नाही. त्या खेळातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट अशी की पटावरचं तुमचं स्वतःचं प्यादंच खुनी निघू शकतं, आणि पाकीट उघडेपर्यंत तुम्हालाही त्याची खबर नसते.

मग पटावरून तो खेळ पुन्हा माणसांत आला. मॅनहॅटनमध्ये ‘मर्डर इंक’ हे फक्त रहस्यकथांचं दुकान काढणाऱ्या डिलिस विन या बाईंच्या पुढाकाराने 1977 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या मोहाँक माउंटन हाउस या डोंगरातल्या जुन्या हॉटेलात रहस्याचा शनिवार-रविवार सुरू झाला. 1980 मध्ये बॉस्टनच्या चार्ल्स प्लेहाउसमध्ये ‘शिअर मॅडनेस’ लागलं. मूळ नाटक पाउल पोर्टनर या जर्मन लेखकाचं. केस कापायचं दुकान, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या पियानोवादिकेचा खून (पियानोवाल्यांचं आणि खुनाचं काय नातं आहे कोण जाणे), आणि प्रेक्षकांनी उलटतपासणी घेऊन खुनी मतांनी ठरवायचा. ते तिथे चाळीस वर्षं चाललं, कोरोनाने 2020 मध्ये पडदा पाडेपर्यंत. मतदानाने खुनी ठरवण्याची कल्पना मला आधी बालिश वाटायची. पण डिकन्स 1870 मध्ये ‘एडविन ड्रूड’ अर्धवट ठेवून गेला आणि खुनी कोण ते त्याच्याबरोबर गेलं. 1985 मध्ये रूपर्ट होम्सने त्याचं संगीत नाटक केलं तेव्हा त्यानेही तो निर्णय प्रेक्षकांच्याच हाती दिला. दुसरं करणार काय?

पण संशयाचा खेळ म्हटलं की मराठी माणसाला डिकन्सच्याही आधी तेंडुलकर आठवतात. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ 1967 मध्ये आलं. तिथेही हौशी नटमंडळी, वेळ घालवायला मांडलेला लुटुपुटीचा खटला, हसणं-खिदळणं, आणि बेणारेबाई आरोपीच्या पिंजऱ्यात. बघता बघता खेळातले प्रश्न खरे होतात आणि तिला बाहेर पडायला दार सापडत नाही. त्या हॉटेलात मी थोडा वेळ त्याच धास्तीने बसलो होतो. इन्स्पेक्टर एका तरुण मुलीला तिच्या नवऱ्याविषयी काहीबाही विचारू लागला, ती लाल झाली, आणि मला वाटलं, आता. पण तो हुशार होता. दुसऱ्या वाक्याला त्याने माइक काढून घेतला आणि तिच्या सासऱ्यांवर धरला. तिथे कुणावरही नजर फार वेळ थांबत नव्हती. बेणारेबाईंच्या वाट्याला सगळ्यांचा सगळा संशय आला होता. इथे तो ताटलीतल्या पावासारखा फिरत होता, ज्याला हवा त्याने तुकडा मोडावा.

मेलेल्या माणसाबद्दल मात्र कुणालाच काही वाटत नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, पण नोंदवायला हवं. जो पडला होता तो दहा मिनिटांपूर्वी आमच्याशी आपल्या शेतीवाडीबद्दल बोलला होता. हवालदाराने त्याला पाय धरून ओढत नेलं, तेव्हा समोरच्या बाईंनी फक्त विचारलं, चिकनवाल्यांचं ताट आधी येणार का माशावाल्यांचं. मी स्वच्छतागृहाकडे जाताना तो भटारखान्याच्या दारापाशी उभ्याने पास्ता खात होता. मला बघून त्याने ओठांवर बोट ठेवलं.

कॉफी आली. आमच्या टेबलाने भांडणाऱ्या जोडप्यावर शिक्का मारला. बाकी बऱ्याच टेबलांनी काळापहाडवर. इन्स्पेक्टरने सगळी उत्तरं मोठ्याने वाचली, ताईच्या प्रवासभत्त्याच्या बिलाला त्या रात्रीचा सर्वोत्तम हेतू म्हणून प्लॅस्टिकचं भिंग बक्षीस मिळालं, आणि मग हवालदार शांतपणे चालत आला तो आमच्या टेबलाशी. दंतवैद्य उठून उभे राहिले, चष्मा काढला, आणि मयताने आपल्याला वाटणीत कसं फसवलं ते खणखणीत आवाजात सांगून हातकडीत गेले.

ताई आधी थक्क झाली आणि नंतर चिडली. खुनाबद्दल नाही, दाढेबद्दल. कार्यक्रम संपल्यावर तिने त्यांना दारात गाठलंच. ते नट होते, दिवसा एका शाळेत संगीत शिकवत होते, आणि दाढ खऱ्या डॉक्टरला दाखवा असं त्यांनी कळवळून सांगितलं.

परतताना भाची तिला म्हणाली, “आई, सगळी हयात तू माणसं ओळखण्यात घालवलीस. शेजारी बसून तो इतकं खोदून खोदून विचारत होता, तुला एकदाही शंका आली नाही?”

“आली ना,” ताई म्हणाली. “मला वाटलं, त्याला माझाच संशय आहे.”