रोजचे अंडे

कोंबडीच्या सुमारे ५० ग्रॅम वजनाच्या अंड्यात ६ ग्रॅमच्या आसपास प्रथिने, ५ ग्रॅम स्निग्धांश आणि सत्तरेक कॅलरी असतात. निम्म्याहून थोडी अधिक प्रथिने पांढऱ्यात आणि उरलेली बलकात असतात. अ आणि ड जीवनसत्त्वे, ब-१२चा बहुतांश साठा, कोलीन आणि डोळ्यांच्या पडद्याला उपयोगी ल्युटीन हे मात्र बलकाचेच धन आहे. व्यायामशाळेच्या नादाने बलक फेकून देणारे यातले बरेचसे कचऱ्यात घालतात. क जीवनसत्त्व आणि तंतुमय पदार्थ अंड्यात अजिबात नसतात.

साठ किलो वजनाच्या प्रौढाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिने लागतात. दोन अंड्यांतून त्याचा जवळजवळ चौथा हिस्सा मिळतो. महाराष्ट्रीय न्याहारीत, म्हणजे पोहे, उपमा, चहा-बिस्किटे यांत, उणीव असते ती प्रथिनांचीच. प्रस्तुत लेखकाने पोह्यांच्या जागी दोन उकडलेली अंडी खायला सुरुवात केली, तेव्हा पहिला बदल जाणवला तो भुकेत. अकराच्या सुमारास पोटात पडणारा खड्डा आणि त्यामागोमाग होणारी कँटीनची फेरी बंद झाली. प्रथिनांनी भरलेले पोट अधिक वेळ तृप्त राहते आणि रक्तातील साखर पोह्यांनंतर चढते तशी अंड्यांनंतर चढत नाही, हे त्याचे कारण. दुसरा बदल गैरसोयीचा होता: पोट साफ होईना. अंड्यांसोबत काकडी, पेरू आणि अर्धी ज्वारीची भाकरी येईपर्यंत ती तक्रार टिकली. केस दाट होतात, चेहऱ्यावर तेज येते, या लोकप्रिय दाव्यांचा पुरावा या लेखकाच्या आरशात तरी सापडला नाही.

अंड्यांविषयीची खरी भीती कोलेस्टेरॉलची. एका बलकात ते सुमारे १८५ मिलिग्रॅम असते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने १९६८ साली आहारातील कोलेस्टेरॉल दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या आत ठेवण्याचा आणि आठवड्याला तीनपेक्षा जास्त बलक न खाण्याचा सल्ला दिला. तो जगभर पसरला. आपल्याकडील कित्येक डॉक्टर आजही तो देतात. पुढे असे दिसले, की रक्तातील बहुतेक कोलेस्टेरॉल यकृतच तयार करते आणि आहारातून अधिक आले तर बहुतेकांचे यकृत आपले उत्पादन घटवते. संपृक्त मेद, म्हणजे तूप, लोणी, डालडा यांचा परिणाम त्याहून मोठा ठरला. अमेरिकेच्या २०१५च्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांतून ३०० मिलिग्रॅमची मर्यादा वगळण्यात आली. वाद तेवढ्याने मिटला नाही. २०१९ आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांनी परस्परविरोधी निष्कर्ष काढले: पहिल्यात अधिक अंडी आणि हृदयविकार यांचा संबंध दिसला, दुसऱ्यात दिवसाला एका अंड्यापर्यंत तो दिसला नाही.

लेखकाच्या पुढच्या रक्ततपासणीत एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, जवळपास पूर्वीइतकेच निघाले. पण त्याच काळात संध्याकाळचे फरसाणही कमी झाले होते, त्यामुळे त्या अहवालावरून अंड्याला निर्दोष ठरवणे घाईचे होईल. माणसागणिक फरकही मोठा असतो. काहींचे कोलेस्टेरॉल बलकाने खरोखर वाढते.

अंडे कशासोबत पोटात जाते, हेही पाहावे लागते. भुर्जीच्या गाडीवर दोन अंड्यांबरोबर तेल, लोण्याचा गोळा, सढळ मीठ आणि मैद्याचे चार पाव येतात. दोष मात्र अंड्याच्या माथी बसतो. राष्ट्रीय अंडी समन्वय समितीच्या गाजलेल्या जाहिरातीने रविवार-सोमवारचा भेद पुसला, भुर्जीविषयी ती काही बोलली नाही. घराघरांत ‘अंडे उष्ण पडते’ म्हणून उन्हाळ्यात ते बंद होते. लेखकाने उन्हाळाभर खाऊन पाहिले, त्रास झाला नाही. उन्हाळ्यात बाहेर ठेवलेली अंडी लवकर खराब होतात, तेवढी काळजी मात्र रास्त आहे.

कच्चे अंडे दुधात घालून पिण्याचा तालमीतला रिवाज फायद्याचा नाही. कच्च्या पांढऱ्यातील ॲव्हिडिन बायोटिन या जीवनसत्त्वाला बांधून ठेवते, प्रथिने कमी पचतात आणि साल्मोनेला जंतूंचा धोका राहतो. बलक घट्ट होईपर्यंत उकडल्यास तिन्ही अडचणी मोठ्या प्रमाणात दूर होतात. टरफल पांढरे की तपकिरी हे कोंबडीच्या जातीवर ठरते; पोषणाशी त्याचा संबंध नाही. गावरान अंड्याच्या बलकाचा गडद रंगही मुख्यतः खाद्यातून येतो.

निरोगी प्रौढाने रोज एक अंडे खाण्याला हरकत घ्यावी असा ठोस पुरावा नाही. मधुमेही आणि आनुवंशिक उच्च कोलेस्टेरॉल असलेल्यांनी प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. मूत्रपिंडाच्या विकारात सुरुवातीला प्रथिने मोजून खावी लागतात. डायलिसिस सुरू झाल्यावर मात्र त्यांची गरज वाढते आणि बलकातील फॉस्फरस टाळण्यासाठी आहारतज्ज्ञ तेव्हा बहुधा नुसते पांढरे सुचवतात.